इंग्लंडच्या डोंगरमाळांवरील भग्न विमाने

इतिहासाचे अवशेष म्हटले म्हणजे किल्ले, रणांगणे, राजवाडे व शिलालेख हेच आपल्या डोळ्यांपुढे उभे राहतात. परंतु काही अवशेष अशा ठिकाणी पडलेले असतात की, तेथे ना तट ना बुरूज. इंग्लंडच्या मध्यभागी डर्बीशायर परगण्यात ब्लीक्लो नावाचा एक उजाड डोंगर आहे. त्याच्या माथ्यावर वृक्ष नाही, घर नाही. कोसच्या कोस दलदलीची काळी माती आणि तीवर वाऱ्याने डुलणारे रानगवत. धुके ओसरले म्हणजे या माळावर चढून गेलेल्या वाटसरूस एक विलक्षण देखावा दिसतो. मातीत रुतलेली प्रचंड इंजिने, वाकलेले पत्रे व मोडलेले पंख दूरवर विखुरलेले आहेत. ज्या यंत्राने कधी मेघमंडळावरून संचार केला, ते येथे मेंढरांच्या चरणीत पडून आहे.

असे हे एकच विमान नव्हे. इंग्लंडच्या उत्तर भागातील डोंगरांवर, शेतांत व रानांत विसाव्या शतकात लष्करी विमाने पडली, त्यांची गणना शेकड्यांनी करावी लागते. ती तेथे कशी पडली आणि ज्यांच्या अंगणात ती पडली त्या लोकांनी काय केले, हे आमच्या विद्यार्थिमित्रांस व त्यांच्या पालकांस सांगावे, असे आम्ही योजिले आहे. आरंभीच एक गोष्ट ध्यानात ठेवावी. डोंगरावर पडलेली यांतील बहुतेक विमाने शत्रूच्या तोफेने पाडलेली नव्हती. ती पाडली ढगाने, वाऱ्याने, चुकलेल्या अदमासाने, आणि क्वचित एखाद्या सैल राहिलेल्या नटाने.

दुसरे महायुद्ध १९३९ साली सुरू झाले व १९४५ साली संपले. त्या सहा वर्षांत इंग्लंड देश म्हणजे जणू एक विस्तीर्ण विमानतळच झाला होता. लिंकनशायर, नॉरफोक, सफोक अशा पूर्वेकडील सपाट परगण्यांत शेते मोडून शेकडो धावपट्ट्या बांधण्यात आल्या. ब्रिटिश, कॅनेडियन, ऑस्ट्रेलियन, पोलिश, अमेरिकन अशा नाना देशांचे तरुण तेथे विमानविद्या शिकू लागले. त्यांतील कित्येकांचे वय एकोणीस-वीस वर्षांपेक्षा अधिक नव्हते. म्हणजे शाळा सोडून त्यांस दोन-तीन वर्षेच लोटलेली. त्यांस रात्रीच्या अंधारात दिवे मालवलेल्या देशावरून विमान चालविण्याचा अभ्यास करावा लागे. ब्रिटनच्या बॉम्बफेकी दलातील ५५,००० हून अधिक लोक त्या युद्धात मरण पावले; पैकी सुमारे ८,००० जण शत्रूवरील मोहिमेत नव्हे, तर शिक्षणाच्या उड्डाणांत व इतर अपघातांत गेले. लढाईस जाण्यापूर्वीच ज्यांचा अंत झाला, अशांची ही संख्या पाहिली म्हणजे मन विषण्ण होते.

आता कोणी विचारील की, इंग्लंडात हिमालयासारखे पर्वत नाहीत, मग विमाने डोंगरांवर आदळली कशी? शंका रास्त आहे. पेनाइन नावाची जी डोंगरांची ओळ इंग्लंडच्या पाठीच्या कण्यासारखी उत्तर-दक्षिण पसरली आहे, तिच्या दक्षिण टोकास किंडर स्काउट हा डोंगर २,०८७ फूट व ब्लीक्लो २,०७७ फूट उंच आहे. परंतु डोंगर लहान म्हणून धोका लहान, असे समजणे ही चूक होय. पश्चिम समुद्रावरून येणारे ओलसर वारे या डोंगरांस अडले की ढग माथ्यावर येऊन बसतात. उंच पर्वताचे शिखर ढगांच्या वर डोके काढून वैमानिकास सावध करील. हा बुटका डोंगर मात्र ढगाच्या पोटात सर्वस्वी दडून जातो. त्यातून त्याच्या दोन्ही अंगांस सपाट मैदाने. मैदान आले असे समजून विमान खाली उतरावे आणि ढगातून एकाएकी काळा कडा पुढे यावा, असे अनेक वेळा घडले.

यात यंत्रांचा काय दोष होता, हे समजून घेण्यासारखे आहे. त्या काळी विमानाची उंची दाखविणारे यंत्र हवेच्या दाबावर चालत असे. आपण जसजसे वर जावे तसतसा हवेचा दाब कमी होतो, हे विद्यार्थी पदार्थविज्ञानात शिकतातच. सुमारे ३० फूट वर गेले की दाब १ मिलिबार उतरतो, या हिशेबाने यंत्राचा काटा उंची दाखवितो. परंतु दाब केवळ उंचीने बदलत नाही, तो हवामानानेही बदलतो. समजा, एक विमान निघाले त्या ठिकाणच्या दाबावर यंत्र लावलेले आहे. आणि ते जेथे पोहोचले तेथे वादळी हवेमुळे दाब २० मिलिबार कमी आहे. यंत्राला त्याची वार्ता नसते. ते बिचारे २० गुणिले ३०, म्हणजे ६०० फूट अधिक उंची दाखवील. काटा २,५०० फूट सांगतो आणि विमान प्रत्यक्षात १,९०० फुटांवर असते. ब्लीक्लोची उंची पुन्हा एकदा आठवावी, म्हणजे या वजाबाकीचा अर्थ कळेल.

दुसरा प्रश्न स्थानाचा. खालची जमीन दिसत नसेल तर वैमानिकाचा सोबती नकाशा, होकायंत्र व घड्याळ घेऊन हिशेब मांडीत असे: अमुक वेगाने, अमुक दिशेस, इतकी मिनिटे आलो, तेव्हा आपण अमुक ठिकाणी असले पाहिजे. हा हिशेब वाऱ्याच्या अदमासावर अवलंबून असे. ताशी ४० मैलांचा उलटा वारा लक्षात आला नाही तर अर्ध्या तासात २० मैलांची चूक पडते; आणि त्या भागात २० मैल म्हणजे डोंगर ओलांडणे आणि न ओलांडणे एवढे अंतर होय.

आरंभी ज्या विमानाचा उल्लेख केला त्याची हकीकत अशीच आहे. ते अमेरिकन हवाई दलाचे सुपरफोर्ट्रेस जातीचे चार इंजिनांचे विमान होते. छायाचित्रे घेणे हे त्याचे काम. म्हणून 'ओव्हर एक्स्पोज्ड', अर्थात छायाचित्रावर फाजील उजेड पडलेला, असे थट्टेचे नाव त्यास मिळाले होते. १९४६ साली पॅसिफिक महासागरातील बिकिनी बेटापाशी अणुबॉम्बचे प्रयोग झाले, त्यांची छायाचित्रे घेण्याच्या कामी ते होते. ३ नोव्हेंबर १९४८ रोजी ते लिंकनशायरमधील स्कॅम्प्टन येथून लँकाशायरमधील बर्टनवुड येथे टपाल व पगाराची रक्कम घेऊन निघाले. अर्ध्या तासाच्या आतबाहेरचा प्रवास. अर्धी पृथ्वी हिंडून अणुस्फोट पाहिलेल्या त्या विमानास ही वाट म्हणजे घर-अंगणच. परंतु ढगांतून ते खाली आले तेव्हा डोंगर अद्यापि ओलांडलेला नव्हता. आतील १३ जणांपैकी एकही वाचला नाही. १९८८ साली तेथे एक स्मृतिशिला बसविण्यात आली; तिच्यापाशी लोक लहान लहान लाकडी क्रूस व कागदी फुले ठेवून जातात.

याच डोंगराच्या एका सोंडेस जेम्सेस थॉर्न असे नाव आहे. युरोपातील युद्ध ८ मे १९४५ रोजी संपले. गावोगाव आनंदोत्सव झाले. त्यानंतर दहाच दिवसांनी, १८ मे रोजी, सरावासाठी उडालेले एक लँकॅस्टर विमान रात्री या ठिकाणी आदळून आतील सहा कॅनेडियन तरुण मरण पावले. २४ जुलै रोजी एक डकोटा विमान त्याच डोंगरावर पडले व त्यातील सर्व मंडळी गेली. घरी आईबाप आता मुलगा सुखरूप परत येणार म्हणून वाट पाहत असतील आणि हाती यावी ती तार, हा प्रसंग कल्पनेनेही सहन होत नाही.

ढग व डोंगर यांचा दोष झाला. आता मनुष्याच्या हाताचा दोष पाहू. युद्धकाळात इंग्लंडचे शास्त्रज्ञ एच-टू-एस नावाचे एक रडारयंत्र सिद्ध करीत होते. बॉम्बफेकी विमानास अंधारातून व ढगांतून खालच्या जमिनीचे चित्र दिसावे, हा त्या यंत्राचा उद्देश. ७ जून १९४२ रोजी हॅलिफॅक्स जातीचे एक विमान ते यंत्र घेऊन वूस्टरशायरमधील डेफर्ड येथून परीक्षेसाठी उडाले. आत ११ जण होते. त्यांत अॅलन ब्लमलाइन हे ३८ वर्षांचे थोर विद्युत्-अभियंता होते. दोन ध्वनिवर्धकांतून आवाज ऐकवून गायक डावीकडे आहे की उजवीकडे हे श्रोत्यास कळावे, ही युक्ती त्यांनी १९३१ साली योजिली. त्यांच्या नावावर १२८ पेटंटे होती.

परतीच्या वाटेवर विमानाच्या उजव्या पंखावरील बाहेरच्या इंजिनास आग लागली. ज्वाळांनी पंख जाळला आणि हेरेफर्डशायरमध्ये वाय नदीच्या काठी, वेल्श बिकनर गावाजवळील शेतात विमान कोसळले. सर्वच्या सर्व ११ जण मृत्युमुखी पडले. पुढे इंजिनाचे तुकडे गोळा करून तपासण्यात आले, तेव्हा उलगडा झाला. इंजिनाच्या झडपेस नेमक्या अंतरावर ठेवणारा एक लहानसा नट, मागील दुरुस्तीच्या वेळी पक्का आवळलेला नव्हता. इंजिनाच्या कंपनाने तो सैल होत गेला, अंतर वाढले, झडपेच्या दांडीवर वेडेवाकडे आघात होऊन ती थकली व तुटली, आणि ज्वाळा जेथे जाऊ नये तेथे गेली. ज्या कोणा कारागिराच्या हातून ही चूक झाली, त्याला दुष्ट म्हणण्याचे कारण नाही. युद्धाची घाई, रात्रीची जागरणे, कामाचा डोंगर. त्यात एक पीळ कमी पडला, इतकेच. परंतु त्या एका पिळावर ११ माणसे व देशाची कित्येक वर्षांची विद्या टांगलेली होती. युद्धकाळ असल्यामुळे ही वार्ता गुप्त ठेवण्यात आली. ब्लमलाइन यांच्या मृत्यूचा यथोचित लेखही त्या वेळी वर्तमानपत्रांत येऊ शकला नाही. उरलेल्या शास्त्रज्ञांनी काम पुढे चालविले आणि जानेवारी १९४३ च्या अखेरीस ते यंत्र प्रत्यक्ष वापरात आले. ढगातून पाहणारे डोळे जगास देणारे हे लोक, एका नटापायी गेले.

आता एक अशी हकीकत सांगतो की जीत मृत्यूबरोबर दयाही आहे. इंग्लंड व स्कॉटलंड यांच्या सीमेवर चेव्हियट नावाचा २,६७४ फूट उंचीचा डोंगर आहे. १६ डिसेंबर १९४४ रोजी हिमवादळात एक अमेरिकन फ्लाइंग फोर्ट्रेस विमान त्याच्या माथ्यावर आदळले. त्याच्या पोटात बॉम्ब तसेच होते. नऊ जणांपैकी दोघे मरण पावले. तिघे कसेबसे चालत खाली आले. उरलेले चौघे बर्फात एका खळग्यात अंग चोरून बसले. डोंगराखालच्या दोन मेंढपाळांनी आवाज ऐकला. त्यांस कोणी हुकूम केला नव्हता, आणि विमान कोणाचे हेही ठाऊक नव्हते. तरी ते शीला नावाची आपली मेंढ्या राखणारी कुत्री बरोबर घेऊन त्या वादळात वर चढले. हातभर अंतरावरचे दिसेना, तेव्हा शीलाने वासावर माग काढून ते चौघे शोधले. मंडळी खाली मेंढपाळाच्या घरी पोहोचतात न पोहोचतात तोच डोंगरावर बॉम्बचा प्रचंड स्फोट झाला. दोघा मेंढपाळांस ब्रिटिश साम्राज्याचे पदक मिळाले आणि १९४५ साली शीलेस डिकिन पदक देण्यात आले. युद्धात शौर्य दाखविणाऱ्या प्राण्यांसाठी हे पदक असते. पुढे, त्या अपघातात मरण पावलेल्या एका तरुणाच्या अमेरिकेतील आईने शीलेचे एक पिलू मागितले, आणि ते समुद्रापार तिच्याकडे पाठविण्यात आले. ज्या जागी पुत्र गेला तेथील एक जिवंत खूण त्या माउलीस हवी होती.

आणि आता जी हकीकत सांगावयाची, ती लिहिताना आमचा हात जड होतो. कारण ती एका शाळेची आहे. लँकाशायर परगण्यात रिबल नदीच्या मुखाजवळ फ्रेकलटन नावाचे एक लहान गाव आहे. शेजारी वॉर्टन येथे अमेरिकन हवाई दलाचा दुरुस्तीचा मोठा तळ होता. २३ ऑगस्ट १९४४ रोजी सकाळी तेथून दोन लिबरेटर विमाने परीक्षेसाठी उडाली. थोड्याच वेळात समुद्राकडून काळेकुट्ट वादळ चालून आले व त्यांस परत फिरण्याचा हुकूम झाला. एक विमान वादळातून निसटले. दुसरे धावपट्टीकडे येत असता वारा, पाऊस व विजा यांच्या तडाख्यात सापडले आणि साडेदहा वाजून गेल्यावर फ्रेकलटनच्या भर वस्तीत कोसळले. झाडे तुटली, तीन घरे पडली, रस्त्यापलीकडील उपाहारगृह चिरडले गेले. आणि विमानाचा काही भाग पेटलेल्या इंधनासह होली ट्रिनिटी शाळेच्या बालवर्गावर येऊन पडला.

सुट्टी संपून शाळा नुकतीच भरली होती. बाहेर दिवसाढवळ्या अंधार पडल्यामुळे वर्गात दिवे लावलेले होते. त्या अपघातात ६१ जण मरण पावले: ३८ मुले, त्यांच्या दोन शिक्षिका, विमानातील तिघे, आणि उपाहारगृहातील १८ माणसे, ज्यांत अमेरिकन व ब्रिटिश सैनिकही होते. गावात असे घर क्वचितच राहिले असेल की ज्याच्या नात्यागोत्यातील मूल गेले नाही. प्रेतयात्रेच्या वेळी मुलांच्या शवपेटिका अमेरिकन सैनिकांनी वाहून नेल्या व गावच्या चर्चच्या आवारात त्यांस एकत्र मूठमाती देण्यात आली.

चौकशी झाली. विमान पडण्याचे निश्चित कारण हाती लागले नाही. परंतु एक गोष्ट चौकशी करणाऱ्यांनी स्पष्ट नोंदविली. पुष्कळ अमेरिकन वैमानिकांचा असा समज होता की, इंग्लंडातील वादळे म्हणजे पावसाची एखादी सर. आपल्या देशातील झंझावातांपुढे त्यांची काय मातब्बरी! हा समज सोडून द्यावा, व येथील वादळांचा धोका प्रत्येक नव्या वैमानिकास शिकवावा, अशी शिफारस करण्यात आली. ज्याला आपण लहान समजतो त्याची आपण चौकशी करीत नाही, आणि तेथेच घात होतो. बुटका डोंगर, लहानसा नट, 'साधी' सर: तिन्ही ठिकाणी हेच घडले.

या मरणांतून पुढच्यांनी काही शिकून घेतले, हे सांगणे अवश्य आहे. डोंगरावर पडलेल्या वैमानिकांचा शोध घेण्यासाठी ब्रिटिश हवाई दलाने १९४४ साली पर्वतबचाव पथके रीतसर स्थापन केली. या कामी वेल्समधील एका विमानतळावरील जॉर्ज ग्रॅहॅम या डॉक्टरांनी पुष्कळ खटपट केली होती. ब्लीक्लोवरील सुपरफोर्ट्रेस जेव्हा पडले तेव्हा अशाच एका पथकाने त्याचा ठाव लावला. पुढे जमिनीपासूनचे अंतर लहरींनी मोजणारी व डोंगर पुढे येताच ओरडून सांगणारी यंत्रे विमानांत बसू लागली. आज प्रवासी निश्चिंतपणे ढगातून जातात, त्यामागे या अनामिकांचे ऋण आहे.

त्या भग्न अवशेषांचे काय? काही वर्षे लोकांनी त्यांतील वस्तू आठवण म्हणून, कोणी मोडीच्या भावासाठी, उचलून नेल्या. अखेर १९८६ साली ब्रिटिश पार्लमेंटने कायदा केला. त्या अन्वये पडलेल्या लष्करी विमानाच्या जागी संरक्षण खात्याच्या परवान्यावाचून खणणे किंवा तेथील वस्तू हलविणे हा गुन्हा ठरला. जेथे मनुष्याने प्राण सोडला ती भूमी बाजारची वस्तू नव्हे, ही भावना कायद्यात आली. परंतु कायद्याच्या आधीपासूनच ती लोकांच्या मनात होती. शेफील्ड शहरातील एंडक्लिफ उद्यानात २२ फेब्रुवारी १९४४ रोजी एक अमेरिकन विमान पडून दहा जण गेले. तेथे त्यांच्या स्मरणार्थ दगड बसविला आहे, आणि बरोबर ७५ वर्षांनी, २२ फेब्रुवारी २०१९ रोजी, त्यांस मानवंदना म्हणून विमाने त्या उद्यानावरून उडाली, तेव्हा खाली हजारो लोक जमले होते. त्यांतील बहुतेकांचा त्या दहा जणांशी रक्ताचा संबंध नव्हता.

हा लेख आम्ही फ्रेकलटनपाशीच संपवितो. अपघातानंतर वॉर्टनच्या अमेरिकन सैनिकांनी आपसांत वर्गणी जमविली आणि स्वतःच्या हातांनी माती उकरून, दगड वाहून, गावातील मुलांसाठी एक क्रीडांगण तयार केले. २० ऑगस्ट १९४५ रोजी, म्हणजे त्या दिवसाला वर्ष पुरे होण्यापूर्वी, ते मुलांच्या स्वाधीन झाले. ज्यांच्या विमानाने शाळा जाळली ते लोक त्या आईबापांपुढे कोणत्या तोंडाने उभे राहिले असतील, आणि त्या आईबापांनी त्यांस आपल्या गावात पुन्हा कसे घेतले असेल, याचा विचार विद्यार्थ्यांनी घरी आपल्या वडीलमंडळींबरोबर अवश्य करावा. क्रीडांगणातील दगडावर हे मैदान कोणी दिले ते कोरले आहे. तेथे 'मित्रराष्ट्राचे सैनिक' असे लिहिलेले नाही. त्यांनी स्वतःस मुलांचे शेजारी म्हणविले आहे, आणि त्या दिवशीच्या हानीस दोघांची सामाईक हानी म्हटले आहे.